आकाशमार्गांची देखरेख आणि तिचा खर्च

हिवाळ्यातील निरभ्र सकाळी रायपूरच्या आकाशात पूर्व-पश्चिम दिशेने पांढऱ्या रेषा उमटताना दिसतात. त्या उमटविणारी बहुतेक विमाने माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळावर उतरणारी नसतात. मुंबईहून कोलकात्याकडे अथवा आखाती देशांतून आग्नेय आशियाकडे जाणारी ही विमाने दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून छत्तीसगढ ओलांडून निघून जातात. रायपूरकरांना त्यांचा आवाजही ऐकू येत नाही. तथापि यातील प्रत्येक विमानाची नोंद जमिनीवर कोठेतरी होत असते, त्याची उंची व वेग यांवर कोणाची तरी अखंड नजर असते आणि यथावकाश त्या विमानाच्या कंपनीच्या नावे एक देयकही तयार होते. या देयकाचे नाव ‘मार्ग दिशादर्शन सुविधा शुल्क’. आकाशातील वाहतूक सुरक्षित राखणाऱ्या यंत्रणेचे आधुनिकीकरण कोणाच्या पैशातून व्हावे, हा जगभर वादाचा ठरलेला प्रश्न या साध्या देयकापाशी येऊन थांबतो.

१९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक सदस्य राष्ट्रावर आपल्या प्रदेशातील विमानांसाठी दिशादर्शन, दळणवळण व हवामानविषयक सुविधा शक्य तितक्या प्रमाणात पुरविण्याची जबाबदारी टाकली. त्याच कराराच्या पंधराव्या कलमानुसार केवळ आपल्या आकाशातून जाऊ दिल्याबद्दल कोणत्याही राष्ट्राला पैसे आकारता येत नाहीत. जे आकारायचे ते पुरविलेल्या सेवेचे मोल म्हणून, आणि देशी-विदेशी असा भेद न करता. हे शुल्क जकातीसारखे नसून सेवाशुल्कासारखे आहे, हा फरक ध्यानी घेतल्यास पुढील विवेचन सुगम होईल.

अंतर राखण्याचे शास्त्र

हवाई वाहतूक नियंत्रण म्हणजे मूलतः अंतर राखणे. दोन विमाने एकमेकांच्या किती जवळ येऊ द्यावयाची, याचे उत्तर नियंत्रकाला त्यांची जागा किती अचूकपणे ठाऊक आहे यावर अवलंबून असते. जेथे रडार नाही तेथे वैमानिक ठरावीक ठिकाणांवरून जाताना रेडिओद्वारे आपली वेळ व उंची कळवितो, नियंत्रक ती कागदी पट्टीवर नोंदवितो आणि त्याच मार्गावर, त्याच उंचीवर मागून येणाऱ्या विमानाला साधारणपणे दहा मिनिटांचे अंतर ठेवण्यास सांगतो. ताशी नऊशे किलोमीटर वेगाने दहा मिनिटांत विमान दीडशे किलोमीटर कापते. नागपूर ते रायपूर हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. म्हणजे या संपूर्ण टप्प्यात एका उंचीवर एका वेळी जेमतेम दोन-तीन विमाने मावतात.

रडारच्या पडद्यावर विमान प्रत्यक्ष दिसू लागले की हेच अंतर पाच सागरी मैलांपर्यंत, म्हणजे नऊ किलोमीटरच्या आसपास, कमी करता येते. मुंबई-हावडा लोहमार्गावर प्रवास करणाऱ्यांना हा फरक चटकन उमजेल. जुन्या पद्धतीत पुढील स्थानकाकडून मार्ग मोकळा असल्याचा संदेश आल्याशिवाय गाडी सुटत नसे. स्वयंचलित सिग्नल आले, आणि त्याच रुळांवर एकामागून एक गाड्या धावू लागल्या. रूळ वाढले नाहीत. गाडी कोठे आहे याविषयीची माहिती वाढली.

उभ्या अंतराच्या बाबतीतही असेच घडले. २७ नोव्हेंबर २००३ पासून भारतीय आकाशात २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात दोन विमानांमधील उभे अंतर २,००० फुटांवरून १,००० फुटांवर आणण्यात आले. विमानांतील उंचीमापक उपकरणे अधिक अचूक झाल्यामुळे हे शक्य झाले व उड्डाणासाठी सहा नव्या पातळ्या उपलब्ध झाल्या. या सुधारणेत उपकरणांचा बराचसा खर्च विमान कंपन्यांनी आपापल्या विमानांवर केला. सर्वच सुधारणा इतक्या स्वस्तात होत नाहीत.

उशिराची किंमत काय असते, याचे स्मरण १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात देशाला झाले. सौदी अरेबियाचे दिल्लीहून निघालेले बोईंग ७४७ आणि दिल्लीस येणारे कझाकस्तानचे इल्युशिन ७६ यांची टक्कर होऊन दोन्ही विमानांतील सर्व ३४९ जणांचा मृत्यू झाला. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली आले, हे चौकशीत दिसून आलेले प्रमुख कारण होय. नियंत्रकाच्या सूचना योग्यच होत्या. परंतु त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकापाशी केवळ प्राथमिक रडार होते. त्यावर विमानाची दिशा व अंतर दिसे, उंची दिसत नसे. विमानातील उपकरणाकडून उंची व ओळख मिळविणारे दुय्यम रडार तेथे कार्यरत नव्हते. राजधानीत येणाऱ्या आणि राजधानीतून जाणाऱ्या विमानांसाठी मार्गही एकच होता. पुढे दोन्ही गोष्टी बदलल्या आणि टक्कर टाळण्याचा इशारा देणारे उपकरण विमानांत सक्तीचे झाले. दुय्यम रडार असते तर टक्कर टळलीच असती, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. नियंत्रकाला ते विमान खाली येताना दिसले असते, एवढे मात्र निश्चित.

पैसा येतो कोठून?

आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण आणि राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण यांचे विलीनीकरण होऊन १ एप्रिल १९९५ रोजी भारतीय विमानतळ प्राधिकरण अस्तित्वात आले. विमानतळ चालविणे आणि आकाशातील वाहतूक नियंत्रित करणे, ही दोन्ही कामे या एकाच संस्थेकडे आहेत. २००६ मध्ये मुंबई व दिल्ली येथील विमानतळ खासगी सहभागाने चालविण्यास देण्यात आले, २००९ मध्ये नागपूरचा विमानतळ ‘मिहान इंडिया’ या कंपनीकडे गेला. मात्र तिन्ही ठिकाणी नियंत्रण मनोरा प्राधिकरणाकडेच राहिला.

नियंत्रणाचा खर्च भागविण्यासाठी प्रामुख्याने दोन शुल्के आहेत. आकाशातून जाणाऱ्या विमानासाठी आरंभी उल्लेखिलेले मार्ग शुल्क आणि उतरणाऱ्या विमानासाठी अग्र दिशादर्शन अवतरण शुल्क. विमानाचे वजन व त्याने कापलेले अंतर यांचा हिशेब मार्ग शुल्कात धरला जातो. म्हणजे एखादे रडार बदलण्यासाठी दरवर्षी केंद्रीय अर्थसंकल्पाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. सेवा घेणारा तिचे मोल देतो. रायपूरवरून न थांबता जाणारे परदेशी विमानदेखील अशा प्रकारे रायपूरच्या आकाशावरील देखरेखीस हातभार लावते.

ही पद्धत किती मोलाची आहे, हे अमेरिकेकडे पाहिल्यास कळते. जगातील अत्यंत गजबजलेल्या आकाशांपैकी एक सांभाळणारी तेथील संघीय विमान वाहतूक संस्था सरकारी खात्याप्रमाणे चालते. तिकिटांवर कर असला व त्याचा स्वतंत्र निधीही असला, तरी खर्चासाठी काँग्रेसची मान्यता अपरिहार्य ठरते. २००७ ते २०१२ या काळात या संस्थेच्या अधिकारपत्राचे पूर्ण नूतनीकरण होऊ शकले नाही. तब्बल २३ अल्पमुदती मुदतवाढींवर तिने दिवस काढले. २०११ च्या उन्हाळ्यात अशी एक मुदतवाढही वेळेवर मिळाली नाही आणि सुमारे ४,००० कर्मचाऱ्यांना दोन आठवडे बिनपगारी घरी बसावे लागले. एप्रिल २०१३ मध्ये खर्चकपातीमुळे नियंत्रकांनाच सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले. २०१८-१९ च्या हिवाळ्यात ३५ दिवस आणि २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस सरकारी कामकाज ठप्प होते. त्या दिवसांत नियंत्रक विनावेतन काम करीत राहिले. २०२५ च्या अखेरच्या टप्प्यात तर ४० मोठ्या विमानतळांवरील उड्डाणे आदेश काढून कमी करावी लागली. आधुनिकीकरणासाठी एकगठ्ठा १२.५ अब्ज डॉलरची तरतूद त्याच वर्षी जुलै महिन्यात झाली होती, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. रक्कम प्रचंड होती. दैनंदिन पगाराची शाश्वती मात्र नव्हती.

कोणत्याही उद्योजकाला ठाऊक असते की, मंजूर कर्जाचा हप्ता वेळेवर हाती न पडल्यास यंत्र अर्धवट बसवून पडते, कंत्राटदार निघून जातो आणि काम पुन्हा सुरू करताना नव्या भावाने करावे लागते. दहा वर्षांच्या प्रकल्पाला दोन-दोन महिन्यांच्या परवानगीने पैसा पुरविणे हा त्यातलाच प्रकार. तोवर जुनी यंत्रणाही चालूच ठेवावी लागत असल्याने खर्च दुहेरी होतो. वाहतूक नियंत्रणाचे काम एक रात्रही बंद ठेवता येत नाही, ही त्यातील खरी अडचण आहे.

कॅनडाने या फेऱ्यातून बाहेर पडण्यासाठी १ नोव्हेंबर १९९६ रोजी आपली संपूर्ण नियंत्रण यंत्रणा ‘नॅव्ह कॅनडा’ या ना-नफा कंपनीस दीड अब्ज कॅनडियन डॉलरला विकली. ही कंपनी शुल्क आकारते, रोखे विकून भांडवल उभारते आणि बऱ्या वर्षांतील वाढावा वाईट वर्षांत वापरता यावा यासाठी दर-स्थिरीकरणाची व्यवस्था ठेवते. ब्रिटनने २००१ मध्ये आपली यंत्रणा खासगी भागीदारीत नेली. मात्र दुर्दैवाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेवर दहशतवादी हल्ला झाला, अटलांटिक ओलांडणारी वाहतूक घटली आणि कर्जाने भारलेल्या त्या कंपनीला २००३ मध्ये १३ कोटी पौंडांचे नवे भांडवल देऊन सावरावे लागले. त्यातील निम्मी रक्कम सरकारची होती.

ब्रिटनच्या अनुभवावरून दिसते की, शुल्काच्या पद्धतीनेही अस्थिरता नाहीशी होत नाही. अर्थसंकल्पाच्या लहरीऐवजी वाहतुकीच्या चढउतारांशी ती जोडली जाते.

भारतातील चढउतार

२५ मार्च २०२० रोजी देशातील नियमित प्रवासी विमाने जमिनीवर थांबली, ती पूर्ण दोन महिने. या काळात रायपूरच्या आकाशातील पांढऱ्या रेषा जवळजवळ पुसल्या गेल्या. विमान नाही म्हणजे देयक नाही. रडार मात्र फिरतच ठेवावे लागले, कारण मालवाहू विमाने, औषधे नेणारी विमाने व मायदेशी परतणाऱ्यांची विमाने चालूच होती, आणि एका विमानासाठी लागणारी यंत्रणा शंभर विमानांसाठी लागणाऱ्या यंत्रणेहून फारशी लहान नसते. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर येथील खर्च जवळजवळ सर्वस्वी स्थिर आणि उत्पन्न जवळजवळ सर्वस्वी अस्थिर. एरवी नफ्यात असणाऱ्या प्राधिकरणाला २०२०-२१ या वर्षी तोटा सोसावा लागला. कॅनडाच्या कंपनीने त्याच वर्षी सप्टेंबरपासून आपले शुल्क सरासरी २९.५ टक्क्यांनी वाढविले. संकटात सापडलेल्या विमान कंपन्यांकडून अधिक वसुली करणे हा उपाय शुल्कपद्धतीच्या तर्काला धरून असला, तरी व्यवहारात तो जाचक ठरतो.

याखेरीज बंद पडणाऱ्या कंपन्यांकडील थकबाकीचा प्रश्न आहे. गेल्या दीड दशकात देशातील दोन मोठ्या खासगी विमान कंपन्यांची उड्डाणे थांबली, एकीची २०१२ मध्ये व दुसरीची २०१९ मध्ये. अशा वेळी पुरविलेल्या सेवेचे पैसे वसूल करणे किती कष्टाचे असते, हे बँकिंग क्षेत्राशी संबंध असलेल्यांना सविस्तर सांगण्याची आवश्यकता नाही. दिलेली सेवा परत घेता येत नाही आणि तिला तारणही नसते.

याउलट चांगल्या वर्षांतील वाढावा संपूर्णपणे नव्या यंत्रणेकडेच वळतो, असेही नाही. प्राधिकरण सरकारला लाभांश देते, नवे विमानतळ बांधते आणि तोट्यातील विमानतळ चालविते. यातील प्रत्येक खर्चाचे समर्थन करता येईल. परंतु संगणकप्रणाली बदलण्याच्या खर्चाला त्यांच्याशी स्पर्धा करावी लागते आणि या स्पर्धेत तिची बाजू दुबळी असते. नव्या टर्मिनलचे उद्घाटन होते, त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. रायपूरच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन नोव्हेंबर २०१२ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते झाले. नियंत्रण मनोऱ्यातील जुना संगणक काढून नवा बसविल्याचा समारंभ सहसा कोणी करीत नाही.

जगदलपूर ते अंबिकापूर

छत्तीसगढमध्ये या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. रायपूर वगळता राज्यातील अन्य शहरांना नियमित विमानसेवा मिळाली ती प्रामुख्याने ‘उडान’ या प्रादेशिक जोडणी योजनेमुळे. जगदलपूरची सेवा जून २०१८ मध्ये सुरू झाली, काही काळातच खंडित झाली आणि सप्टेंबर २०२० मध्ये नव्याने सुरू झाली. बिलासपूर मार्च २०२१ मध्ये जोडले गेले. अंबिकापूरच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले.

या योजनेतील उड्डाणांना अवतरणाचे दिशादर्शन शुल्क माफ असून मार्ग शुल्कातही मोठी सवलत आहे. बस्तरमधील रुग्णाला रायपूर अथवा हैदराबाद गाठता यावे, हा हेतू सर्वथा उचित आहे. परंतु लहान विमानतळालाही प्रशिक्षित नियंत्रक, रेडिओ संपर्क, हवामान निरीक्षणाची व दिशादर्शनाची साधने लागतातच. दिवसातून एक-दोन विमाने येतात म्हणून नियंत्रकाची पात्रता अर्धी करता येत नाही. जगदलपूरच्या उड्डाणाने जे दिले नाही, ते मुंबई-कोलकाता मार्गावरील विमान देते. शहरी शाखांच्या उत्पन्नावर ग्रामीण शाखा तगवाव्यात, तशीच ही व्यवस्था होय. ती टिकाऊ आहे. मात्र मोठ्या मार्गांवरील वाहतूक आटली की दूरच्या विमानतळांवरील साधनांचे काम सर्वांत आधी मागे पडण्याची भीती त्यात राहते.

येथे ‘गगन’ या प्रकल्पाची आठवण होणे स्वाभाविक आहे. धावपट्टीवर अचूकपणे उतरण्यासाठी जमिनीवर बसवावी लागणारी उपकरणे महाग असतात. प्रत्येक धावपट्टीस ती स्वतंत्रपणे लागतात आणि त्यांची नियमित तपासणी करावी लागते. जगदलपूरसारख्या ठिकाणी हा खर्च पेलणे कठीण. उपग्रहांकडून मिळणाऱ्या स्थाननिश्चितीतील चुका जमिनीवरील संदर्भ केंद्रांच्या साहाय्याने मोजावयाच्या, दुरुस्ती दुसऱ्या उपग्रहामार्फत विमानापर्यंत पोहोचवावयाची आणि धावपट्टीवर फारशी उपकरणे न ठेवता विमान सुरक्षितपणे उतरवावयाचे, अशी ‘गगन’ची कल्पना आहे. विमानतळ प्राधिकरण व इस्रो यांच्या या संयुक्त प्रकल्पाचा खर्च ७७४ कोटी रुपये. एप्रिल २०१० मध्ये ‘जीसॅट-४’ हा उपग्रह प्रक्षेपणातच नष्ट झाला, त्यावरील ‘गगन’चे उपकरणही गेले, तरीही काम थांबले नाही. पुढील दोन वर्षांत ‘जीसॅट-८’ व ‘जीसॅट-१०’ अवकाशात गेले आणि एप्रिल २०१५ मध्ये अवतरणासाठीचे प्रमाणपत्र मिळाले. निधीचा प्रवाह अखंड राहिला तर अपयशही पचविता येते, याचे हे उत्तम उदाहरण मानावे लागेल.

प्रकल्पाचा उपयोग सुरू होण्यास मात्र विलंब लागला. यासाठी विमानातही विशिष्ट उपकरण असावे लागते. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या विमानांना ते सक्तीचे करण्याचे २०१६ च्या विमान वाहतूक धोरणात ठरले होते. ही मुदत पुढे ढकलावी लागली. प्रवासी विमान कंपनीच्या विमानाने ‘गगन’च्या साहाय्याने अवतरण केले ते २८ एप्रिल २०२२ रोजी, राजस्थानातील किशनगड येथे. प्रमाणपत्रानंतर सात वर्षे लोटली होती. जमिनीवरील खर्च प्राधिकरणाने केला, विमानातील खर्च कंपन्यांनी करावयाचा होता, आणि दुसऱ्याने आधी करावा अशी अपेक्षा बाळगण्यात काळ गेला, असे म्हटल्यास ते अन्यायाचे होऊ नये.

एका संदेशयंत्राचे बिघडणे

अमेरिकेतील उड्डाणकपात ज्या दिवशी अमलात आली, त्याच दिवशी, म्हणजे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी, दिल्ली विमानतळावर ८०० हून अधिक उड्डाणांना विलंब झाला. कारण रडारचे नव्हते अथवा धुक्याचेही नव्हते. उड्डाणांचे आराखडे नियंत्रकांच्या संगणकांपर्यंत पोहोचविणारी स्वयंचलित संदेशवहन प्रणाली आदल्या दिवसापासून बिघडली होती. नियंत्रकांना एकेक आराखडा हाताने भरावा लागला. कामाची गती मंदावली, विमाने थांबवून ठेवण्यात आली. अपघात झाला नाही, हे त्या नियंत्रकांचे कर्तृत्व.

संगणकव्यवस्था कोलमडली असता शाखेतील कर्मचाऱ्यांनी हाताने पावत्या लिहून ग्राहकांना सेवा देण्यासारखाच हा प्रसंग होता. फरक इतकाच की, येथील ग्राहक इंधन जाळत रांगेत उभा असतो. विशेष म्हणजे या यंत्रणेतील कर्मचाऱ्यांच्या टंचाईबद्दल संसदीय समितीने त्याच वर्षी चिंता व्यक्त केली होती. यंत्र थकले असता माणूस सांभाळून घेतो, ही सवलत माणसे पुरेशी असतील तेव्हाच मिळते.

नागपूरकडे पाहताना

भारताच्या देखरेखीखालील आकाश सुमारे २८ लाख चौरस सागरी मैलांचे असून त्यात समुद्रावरील फार मोठा प्रदेश येतो. ते दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई अशा चार उड्डाण माहिती क्षेत्रांत आणि गुवाहाटीच्या उपक्षेत्रात विभागलेले आहे. नागपूरचे आंतरराष्ट्रीय सांकेतिक नाव ‘व्हीएएनपी’, तर रायपूरचे ‘व्हीईआरपी’. यातील दुसरे अक्षर पश्चिम व पूर्व विभाग दर्शविते. रेल्वेने पाच-सहा तासांच्या अंतरावरील, नातेसंबंधांनी व व्यापाराने बांधलेली ही दोन शहरे आकाशाच्या नकाशावर मात्र दोन वेगळ्या घरांत बसतात. एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाणारे विमान दर वेळी एका नियंत्रकाने दुसऱ्याच्या हवाली करावे लागते, आणि निरनिराळ्या केंद्रांवरील संगणकप्रणाली विविध उत्पादकांच्या आहेत.

ही सर्व क्षेत्रे जोडून संपूर्ण देशाचे एकसंध आकाश करावे व त्याचे नियंत्रण नागपूर येथून व्हावे, अशी योजना प्राधिकरणाने पुढे आणली असून तिचे नाव ‘ईशान’ आहे. सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करण्यासाठी मे २०२४ मध्ये इच्छुक संस्थांकडून प्रस्ताव मागविण्यात आले. नागपूरला ही भूमिका अगदीच नवी नाही. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कोलकाता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. भूगोल तेव्हाही हाच होता.

निरनिराळ्या शाखांच्या खातेवह्या एका मध्यवर्ती संगणकावर आणताना बँकांना जे करावे लागले, ते नागपूरच्या योजनेतही करावे लागेल. जुनी व नवी व्यवस्था काही काळ एकत्र चालवावी लागेल, कर्मचाऱ्यांना दोन्हींचे प्रशिक्षण द्यावे लागेल आणि मध्यवर्ती केंद्र बंद पडल्यास काम सांभाळणारे दुसरे केंद्र अन्यत्र उभारून सज्ज ठेवावे लागेल. या तिन्ही बाबींचा खर्च काम निम्म्यावर आले असताना सर्वाधिक असतो आणि नेमका तेव्हाच वाहतुकीला उतार लागला तर काय, हा प्रश्न प्रकल्प अहवालात यावयास हवा. प्रत्येक देयकातील लहानसा अंश कॅनडाप्रमाणे राखून ठेवणारा स्वतंत्र निधी, त्यातून अन्य कारणांसाठी रक्कम न काढण्याचे बंधन आणि प्रादेशिक सेवेला दिलेल्या शुल्कसवलतीची भरपाई योजनेच्या निधीतूनच करणे, हे मार्ग विचारात घेता येतील. त्यासाठी लागणारा पैसा आजही रोज रायपूरच्या माथ्यावरून जात आहे.